सोनुनबूबूचा आवाज कुणी पुसला?

१

शुक्रवारी सकाळी जुराकानची किंकाळी कुंपण ओलांडून साइकालच्या स्वयंपाकघरात घुसली, तेव्हा साइकाल वाडग्यातल्या चहात दूध ओतत होती. तिने दूध ओतून पुरं केलं, एक घोट घेतला आणि मगच उठली. तपास अधिकारी म्हणून उभी हयात नारीनच्या पोलिसात काढलेल्या बाईला किंकाळ्यांच्या जाती ओळखता येतात. ही मरणाची नव्हती, काहीतरी हरवल्याची होती. पण शेजारच्या अंगणात पाऊल टाकल्यावर तिला वाटलं, या वेळी आपला अंदाज थोडा चुकलाच.

"एजे, आपा गेली हो!" जुराकान सगळ्या आळीच्या या थोरल्या ताईच्या गळ्यात पडली. "पुन्हा गेली!"

"अगं, तुझी आई गेल्या साली गेली. उद्या तिची वर्षाची पंगत आहे. नीट सांग काय झालं."

"आवाज गेला तिचा. सगळा. डिस्क रिकामी आहे."

साइकालचे गुडघे दुखत होते, ते त्या क्षणी दुखायचे थांबले.

सोनुनबूबू म्हणजे अत-बाशी गावचा गळा होता. गावात कुणी गेलं की काळी शाल पांघरून ती तंबूत पाठमोरी बसायची आणि मेलेल्यासाठी कोशोक म्हणायची. तिचा विलाप ऐकून ज्यांचं मेलेल्याशी उभं वैर होतं तेही ढसाढसा रडायचे. थोरली लेक जुराकान नारीनच्या संगीतशाळेत शिकवायची. तिने कैक हिवाळे आईसमोर यंत्र ठेवून तो आवाज साठवला होता. उद्या सगळं गणगोत जमल्यावर आईची पंगत आईच्याच आवाजाने सुरू करायची, असं ठरलं होतं. दुसरं कोण म्हणणार होतं तिच्यासाठी?

"दुसरी प्रत असेल ना कुठे?" साइकालने विचारलं.

जुराकानने मान हलवली. "आपानेच बजावलं होतं. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरात कोशोक नेऊ नये, मरण वाट ओळखतं म्हणायची. म्हणून नारीनच्या घरी नेला नाही, शाळेत ठेवला नाही. फक्त या घरात, फक्त या एका डिस्कमध्ये."

शहरातल्या कुणाला हे ऐकून हसू आलं असतं. साइकालला नाही आलं. तिच्या आईनेही तिला हेच सांगितलं असतं.

तेवढ्यात घरातून धाकटा भाऊ तालाय बाहेर आला. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती, बायकांचे कपडे कोंबलेली. तो कुणाकडे न बघता फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या प्रवासी गाडीकडे गेला आणि पिशवी मागच्या आसनावर टाकून आला.

"हे काय रे?" साइकालने हटकलं.

"बेगिमाइचे कपडे," तो म्हणाला. त्याचा आवाज दगडासारखा झाला होता. "पंगत उरकली की तिला माहेरी सोडून येणार. माझ्या आईचा आवाज पुसला तिने."

२

साइकालने दोन गोष्टी ताबडतोब केल्या. तालायला लाकडं फोडायला पिटाळलं, आणि जुराकानला खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

खोलीत जुना संगणक होता. बाजूला रंगीत लोखंडी पट्ट्या मारलेली पेटी, तिच्यावर छताला भिडतील इतक्या गोधड्या. डिस्क या गोधड्यांच्या घडीत, काळ्या नमद्याच्या, लोकर दाबून केलेल्या पिशवीत असायची. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"काल सकाळी मी लावली होती," जुराकान म्हणाली. "सगळं जागच्या जागी होतं. मग दुपारभर आपण सगळ्या तळणीला बसलो."

ते साइकालला सांगायची गरज नव्हती. गुरुवारी पितरांसाठी तेलाचा वास उठवायचा असतो, आणि पंगत तोंडावर आलेली, म्हणून आळीतल्या सगळ्या बायका अंगणात कढईभोवती पिठाच्या तुकड्यांचे बोरसोक तळत होत्या. साइकाल स्वतः लाटायला होती. बेगिमाइ तिच्याच शेजारी होती, पोळी कापत.

"आणि आज?"

"आज डिस्क लावली, तर तो रक्षक प्रोग्राम असतो ना, त्याने लाल खिडकी उघडली. धोका आहे, साफ करू का? मी म्हटलं, कर बाबा, घाईत आहे. त्याने साफ केलं. मग उघडून बघते तर आत काहीच नाही."

"म्हणजे तूच साफ केलंस की."

"एजे! तो कचरा साफ करतो. आईला नाही करत साफ!" जुराकान पुन्हा रडायला लागली. मग डोळे पुसून, आवाज खाली आणून म्हणाली, "शिवाय हे बघा."

संगणकाच्या कळांवर वाळलेल्या पिठाचे पांढरे ठसे होते. पेन ड्राइव्हच्या खाचेतही पीठ अडकलं होतं.

"काल दुपारी बेगिमाइच आत आली होती. आणि कारणही आहे तिला. शेवटचं रेकॉर्डिंग तिनेच केलं, आपा अंथरुणाला खिळल्यावर, आपल्या फोनवर. मी नारीनला होते. तो फोन हिवाळ्यात मेला, पण त्याआधी तिने ते मला दिलं, मी डिस्कवर घातलं. ऐकलं मात्र नाही. हिंमतच झाली नाही. कुणीच ऐकलेलं नाही, फक्त तिला माहीत आहे त्यात काय आहे. आणि आळीत बायका काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. सासूने शेवटी सुनेबद्दल गाऱ्हाणं मांडलं, ते त्यात आहे, उद्या सगळ्यांसमोर वाजणार, अशी कुजबुज कालच कढईपाशी झाली होती. बेगिमाइ तेव्हा खाली मान घालून पोळी कापत राहिली होती.

साइकालने काळी नमद्याची पिशवी उजेडात धरली, उलटीपालटी केली, आतून बाहेरून बघितली. मग खाली ठेवली.

बेगिमाइ मागच्या ओसरीत भांडी घासत होती. उंच, हाडापेरांनी मोठी, आणि बोलायला महाकंजूस अशी ही सून होती.

"पोरी, संगणकाला हात लावला होतास?"

"हो. बाजारातल्या कुबातकडून आपांचा मोठा फोटो छापून आला होता. पेन ड्राइव्ह परत आला. फोटो त्यात नीट आहे ना, ते बघायला लावला. तुम्हीच हाक मारलीत, कढई जळते म्हणून. धावत परत आले."

"डिस्कला?"

"नाही."

"त्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं?"

बेगिमाइचे हात पाण्यात थांबले. "ते मी नाही सांगणार, एजे."

"अगं, तुझी पिशवी गाडीत जाऊन पडलीय. कळतंय का तुला?"

"कळतंय." तिने पुढचं भांडं घेतलं. "पण ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांनी ऐकायचं होतं."

साइकालला तिचा रागही आला आणि दयाही आली. तोंड उघडलं तर सुटेल अशी बाई तोंड का उघडत नाही?

३

थोरला मुलगा मेदेरबेक परवाच मॉस्कोहून आला होता. तिथे तो इमारतींना गिलावा करायचा. घोड्यापाशी उभा राहून तो त्याची आयाळ विंचरत होता. ती आधीच विंचरलेली होती.

"भाऊ, तुला काय वाटतं?"

"काय वाटायचं, एजे? गेलं ते गेलं. यंत्रच ते." तो घोड्याशी बोलल्यासारखा बोलत होता. "बेगिमाइला उगाच छळताहेत. मी तालायला सांगितलं, पोरीला पाठवू नकोस. ऐकत नाही."

"मग कुबातला बोलावते. त्याला यंत्रातलं कळतं. काढेल शोधून कुणी पुसलं ते."

"नको!" तो एकदम वळला. मग हसण्याचा प्रयत्न केला. "म्हणजे, कशाला? उद्या पाहुणे येणार. घरातली लक्तरं बाहेर का टांगायची? मी आहे ना. एखादी कोशोकवाली बाई आणतो नारीनहून."

"सोनुनबूबूसाठी भाड्याची बाई?"

त्याने मान खाली घातली. "जुने कोशोक गेले त्याचं मलाही वाईट वाटतं. पण शेवटचं ते तसंही ऐकवायचं नव्हतं लोकांना. त्यात गाणं कुठे आहे, आजारी माणसाचं बोलणं नुसतं. ते कशाला चारचौघांत?"

"खरं आहे," साइकाल म्हणाली. तिने घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि फाटकाकडे चालू लागली. फाटकाशी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात काहीतरी ठसठसू लागलं होतं, पण ते नेमकं काय ते तिला धरता येईना.

४

कुबातचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. फोटो काढणे, लग्नाच्या व्हिडिओ फिती बनवणे, छपाई, आणि पोरांना संगणकावर खेळायला देणे, सगळं एकाच खोलीत. साइकाल दारात पोचली तेव्हा आत एक बाई त्याच्यावर कडाडत होती.

"माझ्या सूनबाईच्या गृहप्रवेशाचे फोटो दे! काल दिलास तो पेन ड्राइव्ह लावला, तर फोटोच्या फोल्डरच्या कोपऱ्यात वाकडा बाण! दाबलं की उघडतं, दुसऱ्या यंत्रात लावलं की उघडत नाही. माझ्या सूनबाईला तू बाण बनवलंस!"

"ताई, माझं ऐका तरी," कुबात काकुळतीला आला होता. "मी बघतो, परत देतो, काही जात नाही."

बाई पाय आपटत गेली. साइकालने स्टूल ओढून घेतलं.

"बाणाचं मला सांग. सगळं सांग. आणि मी शाळेतली पोर आहे असं समजून सांग."

कुबातने कपाळ पुसलं. "या आठवड्यात चार जण भांडून गेले, एजे. व्हायरस आहे. पेन ड्राइव्हवर बसून येतो. यंत्रात शिरला की दबा धरून बसतो. मग त्या यंत्राला कुठलाही दुसरा पेन ड्राइव्ह, दुसरी डिस्क लावली की तिच्यातलं सगळं लपवतो आणि त्याच नावाचं एक खोटं दार उभं करतो. ते बाणवालं. माणूस त्या दारावर टिचकी मारतो, दार त्याला आत खऱ्या वस्तूंपाशीच नेतं, म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण जाता जाता व्हायरस आणखी पसरतो."

"आणि तुझ्या दुकानात तो आला कुठून?"

कुबात ओशाळला. "मीच वाटला असणार. आईने लहानपणापासून शिकवलंय, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. कुणी वाडगा दिला तर त्यात निदान चार जर्दाळू घालून परत द्यायचे. मी पेन ड्राइव्हचंही तेच करतो. कुणाचाही रिकामा देत नाही. काम झालं की त्यात थोडी गाणी, एखादी मैफल घालून देतो. लोक खूश होतात. आता ती मैफल मी जिथून उचलली..."

"तिच्याबरोबर तो आला."

"हो."

साइकालला हसू आलं. गेली कित्येक वर्षं तीही रिकामं भांडं परत देत नव्हती. तिनेही तेच केलं असतं.

"जुराकानच्या पेन ड्राइव्हमध्ये काय घातलंस?"

"कोमुझच्या तारांची मैफल. सोनुनबूबू आपांना आवडायची म्हणून." तो गोंधळून बघू लागला. "का? काय झालं?"

"ऊठ," साइकाल म्हणाली. "दुकान बंद कर. आणि तुझ्याकडे सोनुनबूबू असलेली एखादी लग्नाची फीत असेल तर तीही घे. निदान तेवढी तरी त्यांच्या डिस्कवर टाकू."

५

खोलीत सगळे जमले. जुराकान संगणकापाशी, तालाय दाराला टेकून, मेदेरबेक खिडकीशी. बेगिमाइ उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, कारण तिला कुणी आत ये म्हटलं नाही.

कुबातने आधी संगणकातला व्हायरस काढून टाकला. मग डिस्क लावली आणि उघडली. आत पांढरं फटफटीत होतं. त्याने आपल्याकडची लग्नाची फीत तिच्यात उतरवायला घेतली. यंत्राने थोडं चाळवलं आणि एक ओळ दाखवली. कुबात ओठ चावून तिच्याकडे बघत राहिला.

"काय म्हणतंय?" साइकालने विचारलं.

"जागा नाही म्हणतंय."

"कुठे जागा नाही?"

"डिस्कवर. डिस्क भरलीय म्हणतंय."

साइकाल हळूच पेटीला टेकून खाली बसली. "अरे, मी जन्मभर घरांची झडती घेतली. घर रिकामं आहे म्हणतात आणि आत पाय ठेवायला जागा नाही, असं घर मी एकदाही पाहिलं नाही. माणसं आतच असतात. जुराकान, तुझी आई आत आहे."

कुबातच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कपाळावर हात मारला. "खोटं दार! व्हायरसने आपांना लपवलं आणि बाहेर खोटं दार लावलं. सकाळी रक्षक प्रोग्रामने दार तेवढं उखडून टाकलं. दार गेल्यावर आत जायची वाटच दिसेना!" त्याची बोटं कळांवर धावली. "लपवलेलं दाखव म्हणून सांगायचं असतं, बस."

आणि पडद्यावर एकामागून एक फोल्डर उमटू लागले, आधी फिकट, धुक्यातून आल्यासारखे, मग नीट. जुराकानने एकावर टिचकी मारली. सोनुनबूबूचा आवाज खोलीत भरला, भरदार, जरा घोगरा, आपल्या मेलेल्या भावासाठी घातलेली साद. तालाय भिंतीला धरून खाली बसला. साइकालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. मैत्रीण होती ती तिची. आवाज ऐकल्यावर तिला कळलं की वर्षभर ती काय ऐकायला आसुसली होती.

मेदेरबेकने खिडकीची चौकट गच्च धरली होती.

"सगळं आलं?" तो म्हणाला. "म्हणजे, सगळंच?"

जुराकान हसत, रडत, एकेक नाव वाचत खाली गेली. मग तिचं हसू थांबलं. तिने परत वरपासून पाहिलं.

"शेवटचं नाही," ती म्हणाली. "बेगिमाइने केलेलं ते नाहीये."

खोलीतले सगळे उंबऱ्याकडे वळले.

६

"बघितलंत?" तालाय उठला. त्याचे डोळे अजून ओले होते, त्यामुळे त्याचा राग आणखी भयंकर दिसत होता. "व्हायरस, व्हायरस! व्हायरसला काय माहीत कुठलं रेकॉर्डिंग कुणाचं आहे? नेमकं एकच कसं गेलं?"

"बरोबर बोललास," साइकाल म्हणाली. "कुबात, व्हायरस निवड करतो का रे?"

"नाही, एजे. तो सगळं झाकतो. एकच निवडून पुसणं, हे माणसाचं काम."

"झालं तर!" तालाय गरजला. "चल, गाडीत बस. पंगतीपर्यंतसुद्धा थांबू नकोस."

बेगिमाइ उंबऱ्यावरून हलली नाही. तिने फक्त डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

"बस खाली, गाढवा," साइकाल म्हणाली. "बायकोला घराबाहेर काढायची घाई झालीय, तर डोकं वापरायची पण थोडी घाई कर. ते रेकॉर्डिंग केलं कुणी? हिने. जुराकानला नेऊन दिलं कुणी? हिनेच. फोन मेला. हिने दिलं नसतं तर ते असल्याचं जगात कुणाला कळलं असतं? जिला ते नको होतं ती ते आपल्या हाताने आणून देईल का?"

तालाय पुन्हा भिंतीपाशी बसला.

"दुसरं. काल हिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. कळांवर पीठ, पेन ड्राइव्हवर पीठ, कारण ही धावत आली आणि धावत गेली, मीच हाक मारली होती. पण ती काळी नमद्याची पिशवी बघ. नमदा पीठ सोडत नाही, झटकून बघ हवं तर. एक कण नाही. डिस्क काढली ती दुसऱ्या कुणीतरी, कोरड्या हाताने, आम्ही सगळ्या अंगणात असताना. संध्याकाळनंतर या खोलीत लांबून आलेले पाहुणे झोपले होते, तेव्हा हे जमलं नसतं."

"पण कुणी?" जुराकान म्हणाली. "आणि का?"

हे असं चारचौघांत बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. नोकरीत असताना तिला याचं काही वाटत नसे. आज वाटलं. पण उंबऱ्यापाशी ती सून उभी होती, आणि तिची पिशवी गाडीत पडली होती.

"सकाळी डिस्क रिकामी निघाली तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, कुणी केलं? एकाने मात्र विचारलं नाही. त्याने शोधूच नका म्हटलं, कुबातला बोलावू नका म्हटलं. का? कारण त्याला वाटत होतं, हे माझ्याच हातून झालं. त्याने पुसायला घेतलं होतं एकच, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळंच गेलेलं. बिचारा सकाळपासून असं समजून चाललाय की आपण आपल्या आईला समूळ पुसून टाकलं." ती खिडकीकडे वळली. "मेदेर, घोड्यापाशी तू मला काय म्हणालास? शेवटच्यात गाणं नाही, नुसतं बोलणं आहे. जुराकानने ते ऐकलेलं नाही. तालायने नाही. बेगिमाइ सांगत नाही. तू मॉस्कोत होतास, बाळा. मग तुला कुठून कळलं त्यात गाणं नाही?"

७

मेदेरबेक खिडकीपासून वळला, आणि साइकालला वाटलं होतं तसा तो चिडला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला.

"मी पुसायला नव्हतो आलो," तो म्हणाला. "तिला ऐकायला आलो होतो. एकट्याने. तुम्ही सगळ्या बाहेर होतात. म्हटलं, शेवटचं आधी ऐकू." तो थांबला. "गेल्या पानगळीत माझं काम सुटलं होतं. खोलीचं भाडं थकलं होतं. फोन करून काय सांगणार, म्हणून मी केलाच नाही. दिवस बरे आले की करू, असं म्हणत राहिलो. ती गेल्यावर तालायचा फोन आला. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये... त्यात ती माझ्याच फोनचं विचारतेय. उद्या सगळ्या गोतासमोर ते वाजलं असतं. सगळ्यांना माहीत आहे मी फोन केला नव्हता. मी पुसलं. आणि सकाळी या पोरीवर आळ आला तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली."

कुबात खाली मान घालून कळांशी चाळा करत होता. मग हळूच म्हणाला, "एजे, पुसलेलं लगेच मरत नाही. यंत्र नुसती खूण करतं, ही जागा मोकळी झाली म्हणून. वर दुसरं काही बसलं नसेल तर खाली असतं. मी प्रयत्न करून बघू शकतो. पण..."

"हे मला नको विचारूस," साइकाल म्हणाली. "त्याला विचार."

सगळ्यांनी मेदेरबेककडे पाहिलं.

"आण परत," तो म्हणाला.

कुबातला बराच वेळ लागला. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला. मघाशी उठून गेलेला तालाय फाटकातून आत येत होता, खांद्यावर ती कापडी पिशवी घेऊन. बायकोची पिशवी वाहणारा पुरुष बघून कुंपणापलीकडच्या बायकांनी माना वर केल्या. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. उंबऱ्यापाशी येऊन त्याने पिशवी बेगिमाइच्या पायाशी ठेवली.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

"हो," बेगिमाइ म्हणाली. मग बाजूला सरून तिने त्याला आत जायला वाट दिली, आणि त्याच्या मागून स्वतःही आत आली.

रेकॉर्डिंग निघालं. सुरुवात थोडी फाटली होती, पण बाकी शाबूत होतं. चुलीतली लाकडं फुटत होती. सोनुनबूबूचा आवाज आला, भरदारपणा संपलेला, नुसता श्वासावर चाललेला.

"आज आला का गं, माझ्या मेदेरचा फोन?"

"आला होता, आपा," बेगिमाइचा आवाज म्हणाला. "तुमचा डोळा लागला होता. उठवू नको म्हणाले."

"काय म्हणाला?"

"जेवण जातं का विचारलं. पाय चेपून दे म्हणाले. तिकडे बर्फ पडायला लागलंय म्हणाले."

"टोपी घालतो का?"

"घालतात म्हणाले."

बराच वेळ चुलीचाच आवाज. मग म्हातारी म्हणाली, "तू फार छान सांगतेस गं, बाई." आणि ते संपलं.

जुराकान हुंदके देत होती. मेदेरबेक दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. साइकालला आता कळलं, ही सून सकाळपासून गप्प का होती. तोंड उघडलं असतं तर आपली सुटका झाली असती आणि थोरल्या दिराची अब्रू गेली असती, एवढंच नाही. मरणाला टेकलेल्या सासूला आपण रोज खोटं सांगितलं, हेही उघड झालं असतं. या बाईने दोन्ही आपल्या पोटात ठेवलं आणि पिशवी गाडीत जाऊ दिली. साइकालला आपल्या सगळ्या हुशारीची थोडी लाज वाटली.

संध्याकाळी बेगिमाइ ओसरीत उद्याच्या पंगतीचं पीठ मळायला बसली. साइकाल तिच्यासमोर लाटणं घेऊन बसली होती. मेदेरबेक आला आणि दोघींपासून जरा अंतरावर, जमिनीवरच बसला.

"तिला खरं वाटायचं का?" त्याने विचारलं.

बेगिमाइने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, घ्यायचंच नसतं. तिने त्याच्याकडे सरळ बघितलंही नाही. "पहिल्या दिवशी वाटलं असेल, भाऊजी. नंतर नाही. त्यांना कळलं होतं."

"मग का विचारायची?"

"रोज विचारायच्या. मी सांगायला लागले की डोळे मिटून घ्यायच्या. मी रोज नवीन काहीतरी सांगायचे. कधी तुम्ही नवी इमारत बांधताय म्हणायचे, कधी तुम्हाला लापशी आठवते म्हणायचे. एकदा तुम्ही फोनवर गाणं म्हटलंत असं सांगितलं, तर त्या किती हसल्या. म्हणाल्या, त्याचा गळा रेड्याचा आहे."

मेदेरबेक हसला. हसता हसता त्याचा चेहरा फाटल्यासारखा झाला.

"सगळं सांग मला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मी तिच्याशी काय काय बोललो, ते मला कळू दे."

बेगिमाइने पीठ बाजूला सारलं, हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली.